चातुर्मासातली वांगी

दिवाळीला मुलगा पुण्याहून आला आणि जाताना आमच्या दोघांच्या मोबाईलमध्ये घरखर्चाच्या हिशेबाचं ॲप घालून गेला. चकली-चिवड्याचे डबे घेऊन गेला आणि हे मागे ठेवून गेला. "आई, आता डायरी नको, बेरजा नकोत. तू भाजी आणलीस की इथे टाकायचं. बाबांनी पेट्रोल भरलं की त्यांनी टाकायचं. मोबाईलवरून पैसे दिलेस तर टाकायलाही नको, ते आपलं आपण वाचून घेतं. महिन्याच्या शेवटी कुठे किती गेले ते सगळं दिसतं. मलासुद्धा पुण्यात बसून दिसतं." शेवटचं वाक्य त्याने अगदी कौतुकाने सांगितलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

हे मात्र खुलले. हे म्हणजे माझे यजमान, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीला सहा वर्षं झाली होती. नगरच्या उपनगरातला दोन खोल्यांचा ब्लॉक, बेताची पेन्शन, आणि लिहायला एकही रजिस्टर नाही, अशी त्यांची दशा होती. पेपरातल्या निविदासुद्धा वाचून काढायचे. ॲप आलं आणि माणूस दहा वर्षांनी तरुण झाला. सकाळी उठलं की आधी कालचा खर्च तपासायचा, मग चहा. स्वतःच्या हाताने त्यांनी खाती पाडली, किराणा, भाजी, दूध, देवधर्म, औषधपाणी. 'इतर' असं एक खातं त्यात आयतंच आलं होतं, ते काढून टाकलं. म्हणाले, "इतर म्हणजे आळशी माणसाची सोय." माझे दागिने सोनाराकडून वजन करून आणले आणि फोटो काढून 'मालमत्ता' या सदराखाली चढवले. पाटल्या, बोरमाळ, कुड्या, बोटातली एक अंगठी. मी म्हटलं, "अहो, माझाही एक फोटो काढा आणि चढवा तिथे." तर म्हणाले, "किंमत काय लिहू?" आणि स्वतःच्याच विनोदावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. वाईट माणूस नाही हो. हे आताच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग येईल. मलाही येतो.

आता माझ्याकडची बाजू. लग्न झाल्यापासून माझा एक डबा आहे. तुरीच्या डाळीच्या मोठ्या डब्यात, तळाशी, पत्र्याची एक चपटी डबी. भाजीत दहा, फुलपुडीत दोन, दळणात पाच, असं करत करत तिच्यात पैसे पडायचे. चाळीसची गवार आणायची आणि पन्नास सांगायचे. रद्दीचे तर सगळेच माझे. असा डबा माझ्या आईचा होता, सासूबाईंचा होता. सासूबाई गेल्या तेव्हा बाजरीच्या पिठाखालून चार हजार रुपये निघाले आणि यांच्यासकट सगळे रडता रडता हसले होते. आमच्या बायकांत तो बाईचा पैसा. तो किती, हे कुणी विचारत नाही आणि कशाला, हेही कुणी विचारत नाही. त्याला चोरी म्हणतात हे मला ॲप आल्यावर कळलं.

माझ्या डबीतले पैसे साड्या-बांगड्यांत जात नव्हते. ते पुणतांब्याला जात होते, ताईच्या इन्सुलिनला.

ताई माझी सख्खी बहीण, सात वर्षांनी मोठी. भावजी पुणतांब्याला भिक्षुकी करायचे. मूलबाळ नाही. ते गेल्यावर ती नदीच्या बाजूला एका खोलीत राहायची, फुलवाती वळायची आणि देवळाजवळच्या दुकानात विकायला ठेवायची. निराधार योजनेचे पैसे यायचे, त्यात दाणापाणी भागायचं. औषध भागायचं नाही. साखर जुनी, दिवसातून दोन वेळा सुई टोचून घ्यायची. सरकारी दवाखान्यात बाटली कधी मिळायची, कधी "पुढच्या आठवड्यात बघा" म्हणायचे. साखर थांबते होय पुढच्या आठवड्यापर्यंत? बाटल्या, सुया, गोळ्या धरून महिन्याला हजार-अकराशे लागायचे. ते मी द्यायची. महिन्यातून एकदा सकाळच्या रेल्वेने जायची, संध्याकाळपर्यंत परत. ताईच्या हातावर पैसे ठेवले की ती ते कपाळाला लावायची आणि डोळे मिचकावून म्हणायची, "या महिन्यात मेथीची जुडी कितीला केलीस गं?" जीभ तिची पहिल्यापासून तिखट. साखर काय ती रक्तात होती.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, नवऱ्याला सरळ सांगायचं. सांगते ना, ऐका. आमच्या मुलाच्या मुंजीला पौरोहित्य भावजींनी करायचं ठरलं होतं. त्या दिवशी गाडी दोन तास उशिरा आली. मुहूर्त टळू नये म्हणून यांनी शेजारच्या आळीतले गुरुजी बसवले. भावजी आले, बघितलं, आणि भर मांडवात म्हणाले, "कारकुनाला मुहूर्त काय कळणार? त्याला पुढची तारीख द्यायची सवय." आणि मांडलेल्या पानावरून उठून गेले. ताई त्यांच्या मागे गेली, तीही उपाशी. यांनी तेव्हा बोललेलं वाक्य मला पाठ आहे. "तुझी बहीण आहे, तू जा-ये कर, मी आडवा येणार नाही. पण माझ्या घरातला एक पैसा त्या घरात जायचा नाही." मुलगा आता पस्तिशीचा आहे. भावजी वारले तेव्हा मी विषय काढून बघितला होता. "विषय संपला," म्हणाले आणि दोन दिवस जेवले नाहीत. त्यानंतर मी तोंड उघडलं नाही. बोलणारा माणूस राखेत गेला आणि बोललेलं तेवढं आमच्या घरात राहिलं, काय म्हणायचं याला?

ॲप आल्यावर पहिला महिना माझे हाल झाले. रद्दीवाला आला तर हे स्वतः तराजूपाशी उभे. मोबाईलमध्ये 'जमा' या बाजूला रद्दीचे एकशे सदतीस रुपये चढवले. दूधवाला, वाणी, इस्त्रीवाला, सगळ्यांना मोबाईलवरून पैसे. भाजीवालीनेसुद्धा टोपलीला तो चौकोनी कागद अडकवला होता, मेलीला तेवढंच सुचलं. पण मी हटून बसले. म्हटलं, "अहो, पाच-दहा रुपयांसाठी काय मोबाईल काढायचा बाजारात? चोर का थोडे आहेत? मी रोख देईन आणि घरी येऊन टाकीन." ते त्यांना पटलं. बाजारातली चोरी त्यांना लगेच पटली.

आणि मग मी त्या ॲपमध्ये खोटं बोलायला शिकले. काय सोपं असतं हो! नवऱ्यासमोर "दोडके साठ रुपये किलो" म्हणताना इतक्या वर्षांनंतरही माझी नजर खाली जायची. मोबाईलसमोर जात नाही. बोटाने साठ दाबायचं की साठ. तो कधी विचारत नाही की काल तर पंचेचाळीस होते. न आणलेल्या भाज्याही मी आणू लागले. अर्धा किलो वांगी आणली की एक किलो लिहायची, दोन किलो कांदे पिशवीत आणि चार मोबाईलात. डबी पुन्हा भरू लागली. संक्रांतीला तर ताईला बाराशे दिले आणि वर तिळाच्या वड्या. तिथे तिच्या ओट्यावर बसून आम्ही दोघी इतक्या हसलो! ती म्हणाली, "सरकारी माणसाला त्याच्याच रजिस्टरात बुडवलंस की गं." मलाही माझं फार कौतुक वाटलं. तेच नडलं.

त्या ॲपमध्ये एक सोय होती. 'मागच्या आठवड्याची यादी पुन्हा भरा' असं एक बटण. एक बोट लावलं की सगळी यादी जशीच्या तशी, आजच्या तारखेने. मला ते उन्हाळ्यात सापडलं. लोणच्याच्या कैऱ्या चिरून बोटं आंबली होती, कोण एवढं दाबत बसणार? बेरीज मला हवी तेवढीच यायची. मी बेरीज बघायची आणि मोबाईल ठेवून द्यायची. असा माझा शनिवारचा बाजार एका बोटावर आला. हेही एव्हाना रोजची यादी वाचेनासे झाले होते, बेरीज तेवढी बघायचे.

आषाढ आला. कांदेनवमीला मी भजी केली, थालीपीठं केली, घरातला शेवटचा कांदा संपवला. एकादशीपासून चातुर्मास. आमच्याकडे चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगी घरात येत नाहीत. कांदा-लसूण कार्तिकी एकादशीला सुटतो, वांगं त्याच्याही पुढे, चंपाषष्ठीचा नैवेद्य झाल्यावर. सासऱ्यांच्या वेळेपासूनचं आहे. यांनी तर नोकरीत दौऱ्यावर असतानासुद्धा कधी मोडलं नाही, दहीभात खाऊन राहायचे. मीही मनापासून पाळते. स्वयंपाकघरात माझा हात चुकूनही लसणाकडे गेला नाही. पण बोट गेलं. दर शनिवारी, त्याच बटणावर.

गणपती झाले, गौरी गेल्या. पितृपक्ष लागायच्या आदल्या दिवशी दुपारी हे गणपतीचा खर्च वेगळा काढायला बसले होते. मी निवडत होते तांदूळ. बाहेरून अगदी हळू आवाज आला, "अगं, इकडे ये जरा."

गेले. मोबाईल त्यांनी माझ्यासमोर धरला. श्रावणातला पहिला शनिवार. कांदा चार किलो, लसूण पाव, वांगी एक किलो. बोटाने वर सरकवलं. नारळी पौर्णिमेच्या दिवशी, कांदा चार किलो, लसूण पाव, वांगी एक किलो. गौरी जेवल्या त्या आठवड्यातही तेच.

"वांगी कुणी खाल्ली?" त्यांनी विचारलं.

खरं तर तीच वेळ होती. तिथेच बसून सांगायला हवं होतं, की अहो, वांगी कुणीच खाल्ली नाहीत, वांगी कधी आलीच नाहीत, ते पैसे ताईच्या औषधाला गेले. पण मांडवातलं ते वाक्य माझ्या कानात अजून ताजं होतं. ताईचा दरमहाचा रस्ता कायमचा बंद होणार, एवढंच मला दिसलं. आणि तोंडातून निघून गेलं, "मी खाल्ली."

"तू?"

"शेजारच्या वहिनींकडून करून घेते. त्यांच्याकडे चालतं. सामान मी देते, त्या भरलं वांगं करतात. दुपारी जाऊन खाते."

हे माझ्याकडे बघतच राहिले. दर आठवड्याला एक किलो, याची बेरीज त्यांच्या मनात चालली होती हे मला दिसत होतं. "एवढी?" म्हणाले.

"आवडतात मला," मी म्हटलं. कर्म माझं!

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा असा पडला की मला वाटलं, आता हा माणूस रडतो की काय. "अगं, मग मला सांगायचं. मी काय नको म्हणालो असतो?" मग थांबले आणि स्वतःचंच बोलणं दुरुस्त केलं. "नको म्हणालो असतो. पण सांगायचं." संध्याकाळी त्यांनी देवासमोर माझ्या नावाने एक जप जास्त केला. मी आतून ऐकत होते. न खाल्लेल्या वांग्यांचं प्रायश्चित्त तो माणूस माझ्यासाठी घेत होता, आणि मी भात उकरत उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी त्यांच्या हातात. "समोर दिसली की मोह होतो. चंपाषष्ठी होईपर्यंत मंडई माझ्याकडे." मी नाही म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने?

त्या दिवसापासून भाजी ते आणू लागले. चार दुकानं फिरून, घासाघीस करून. महिना संपला तसा ॲपमध्ये भाजीच्या खात्यावर हिरवा गोळा आला आणि खाली अक्षरं, 'अभिनंदन! तुम्ही बजेटच्या आत आहात.' भाजीचा खर्च निम्म्याहून कमी झाला होता. होणारच. मुलाचा पुण्याहून फोन, "बाबा, कमाल केलीत!" यांना इतका आनंद झाला की जिलबी आणली. ती जिलबी मी खाल्ली, हेही सांगते.

माझ्याकडे राहिलं फक्त दळण. दळणात मारून मारून किती मारणार? त्या महिन्यात ताईला सातशे दिले. पुढच्या महिन्यात तीनशे. अंगठी विकायचं मनात आलं, पण तिचा फोटो मालमत्तेत, वजनासकट. हरवली म्हणावं तर हे पोलिसांत गेले असते. मग धीर करून मुलाला फोन केला. कशासाठी ते सांगितलं नाही, तो बापाशी काही लपवत नाही. म्हटलं, "मला दोन हजार पाठव रे, थोडं काम आहे." त्याने लगेच पाठवले, गुणाचं पोर. मी अजून मोबाईल हातात घ्यायच्या आत बँकेचा निरोप ॲपने वाचला आणि यांच्या मोबाईलवर दाखवला. "दोन हजार जमा? कसले गं?" मी म्हटलं, "त्याने दिवाळीला साडी घे म्हणून पाठवले." संध्याकाळी हे मला घेऊन कापडबाजारात. दुकानदाराला म्हणाले, "जरा चांगल्यातली दाखवा, मुलाने पैसे पाठवलेत." स्वतःच्या खिशातले तीनशे वर घातले. मोरपिशी रंगाची साडी आहे. फार छान आहे. नेसायची वेळ आली की मी ती परत घडी करून ठेवते.

दिवाळीनंतर ताईला फोन करून म्हटलं, "ताई, या महिन्यात मला जमत नाहीये गं. पुढच्या महिन्यात दोन्ही मिळून आणते." ती म्हणाली, "अगं, नको उगाच दगदग करूस. मला हल्ली लागतच नाही एवढं. साखर खाली आलीय. डॉक्टर म्हणाले, सुई बंद केली तरी चालेल." एवढी जुनी साखर अशी खाली येते होय? मला काय कळत नव्हतं? कळत होतं. पण तिने सुटका करून दिली आणि मी ती घेतली. फोन ठेवला आणि आमटीला फोडणी दिली.

चंपाषष्ठी आली. सकाळीच हे मंडईतून दोन किलो वांगी घेऊन आले, काळीभोर, देठांना काटे असलेली. नैवेद्याचं भरीत आणि रोडगे झाले, तळी भरली. मग मला पाटावर बसवून त्यांनी स्वतः वाढलं. भरिताचा डोंगर केला पानात. "घे. आता खा पोटभर, उघडपणे. चोरून नको खाऊस." असं म्हणताना त्यांच्या डोळ्यांत इतकी माया होती! मी एकेक घास पाण्याबरोबर ढकलत राहिले आणि ते समोर बसून बघत राहिले.

नंतर चार दिवसांनी ताईच्या शेजारणीचा फोन आला. शेतात रोजाने जाणारी बाई, ताईला मावशी म्हणायची. "काकू, तुमी लगीच या. मावशीचा पाय लई सुजलाय. वास येतोय वो. त्या म्हन्त्यात, कुनाला कळवू नको, पन मला ऱ्हावलं न्हाई."

गेले. ताई भिंतीला टेकून बसली होती, पायावर जुनं लुगडं टाकून. लुगडं उचललं आणि मला तिथेच ओकारी आली. अंगठा काळा, पाऊल फुगलेलं, टाचेवर जखम. महिनाभर आधी चपलेचा खिळा लागला होता, म्हणाली, कळलंच नाही. तिच्याकडे फ्रिज नव्हता. इन्सुलिन ती छोट्या मडक्यात ओल्या वाळूवर ठेवायची. मी मडकं उघडून बघितलं. दोन रिकाम्या बाटल्या आणि एक थेंबभर उरलेली. पुसून, उभ्या करून ठेवलेल्या. नवी एकही नाही.

मी तिच्यावर ओरडले. हो, ओरडले. "सांगता येत नव्हतं? तोंड होतं ना? शेजारीपाजारी मागायचं, भीक मागायची!" ताई म्हणाली, "तुझी मेथी स्वस्त झाली ना गं. मला तेव्हाच कळलं." आणि हसली. त्या पायासकट हसली.

यांना फोन केला, कारण दुसरं कुणी नव्हतंच. फक्त म्हटलं, "ताईला घेऊन येतेय. मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल." हे म्हणाले, "गाडी करून आण. मी पैसे घेऊन थेट दवाखान्यात येतो." आले. आमच्या आधी पोचून, नाव नोंदवून, कागद भरून उभे होते. ताईला स्ट्रेचरवर घेताना त्यांनी एका बाजूने हात दिला. मुंजीनंतर पहिल्यांदा ती दोघं एकमेकांसमोर आली होती. ताईने पदर सावरायचा प्रयत्न केला. हे म्हणाले, "राहू द्या."

डॉक्टर तरुण होता. त्याने विचारलं, "इन्सुलिन नियमित चालू होतं ना?" ताईच म्हणाली, "पितृपक्षापासून एकवेळ. दिवाळीपासून, असेल तेव्हा." "का?" डॉक्टरने विचारलं. ताईने माझ्याकडे बघितलं. यांनी ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे. पितृपक्ष. नुसता तो शब्द त्यांना पुरला. उभ्या आयुष्यात रजिस्टरं जुळवलेला माणूस तो. माझं पुणतांब्याला जाणं, वांगी, चार किलो कांदे, दोन हजारांची साडी, सगळं एकाखाली एक लागत गेलेलं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते औषधांची चिठ्ठी घेऊन खाली दुकानात गेले.

पाय गुडघ्यापासून काढला. तरी विष अंगात पसरलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी ताई गेली.

दवाखान्याचे, औषधांचे, गाडीचे, मग दहाव्याचे, तेराव्याचे, सगळे पैसे यांनी दिले. बँकेतली ठेव मोडली. एकदाही मागेपुढे बघितलं नाही. अग्नी आमच्या मुलाने दिला आणि क्रियेला गुरुजी यांनी स्वतः जाऊन ठरवले, सगळं यथासांग व्हायला पाहिजे म्हणून. ॲपमध्ये त्यांनी एक नवं खातं उघडलं. नुसतं 'ताई' असं नाव दिलं. त्यात पडलेली रक्कम मी बघितली. त्या रकमेत ताईला कित्येक वर्षं सुया मिळाल्या असत्या. त्या महिन्यात सगळे गोळे लाल आले, आणि मोबाईलवर अक्षरं आली, 'खर्चावर नियंत्रण ठेवा.' यांनी ते वाचलं आणि मोबाईल उपडा ठेवला.

चौदाव्याचं गोडाचं जेवण झालं. दुपारी मुलगा पुण्याला परत गेला. घरात आम्ही दोघंच. एका प्रश्नाने माझा जीव तेव्हा पंधरा दिवस टांगणीला लागला होता. मला भीती होती ती यांच्या रागाची नव्हती. मला भीती होती, की हे म्हणतील, "वेडे, एकदा विचारायचंस. दिले असते मी." असं ते म्हणाले असते तर ताईला मी मारलं, माझ्या खोट्याने, माझ्या त्या एका बोटाने, याला दुसरा अर्थच उरला नसता. पण न विचारता मला राहताही येईना.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "त्या दिवशी वांग्यांचं खोटं न बोलता मी खरं सांगितलं असतं, तर तुम्ही ताईसाठी पैसे दिले असते?"

त्यांनी खरंच विचार केला. मनात तो दिवस परत उभा करून, त्यात स्वतःला बसवून बघत होते, हे मला कळत होतं. मला वाटतं, दिले असते म्हणायला त्यांना फार आवडलं असतं.

"नाही," शेवटी म्हणाले. "तेव्हा नसते दिले."

आणि मला हायसं वाटलं. माझी सख्खी बहीण पायापासून सडत वर गेली, आणि ती कोणत्याही वाटेने वाचणार नव्हती हे ऐकून मला हायसं वाटलं.